तुकडी

अजमानच्या मासळी बाजारामागे
बुरोंडकरांचं टायपिंगचं दुकान होतं.
दुकान म्हणजे एक दार, दोन यंत्रं,
एक अरबी, एक इंग्रजी,
आणि एक कूलर, जो नुसता आवाज करायचा.
मी इंग्रजीवर. महिना सहाशे दिरहॅम
आणि रात्री बाकड्यावर झोपायची मुभा.

पहिल्याच आठवड्यात रमय्या आला, करीमनगरचा.
पासपोर्ट कंपनीकडे अडकलेला,
म्हणून कंपनीचं पत्रच पासपोर्टसारखं जपलेलं.
मी ते दोन पानी पत्र अथपासून इतिपर्यंत उतरवलं
आणि खाली एक ओळ टाकली: हे बरोबर नाही.

बुरोंडकरांनी कागद यंत्रातून ओढून काढला.
"अरे, त्यांचा अख्खा पापलेट त्यांच्याच ताटात परत टाकतोस?
काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक आहे.
ज्याला उत्तर द्यायचंय तेवढीच तुकडी काप."
चौथ्या परिच्छेदात त्यांनी नखानं रेघ ओढली.
'चार महिन्यांचे वेतन देणे आहे'
दोन्ही अंगांना खुणा कर, चिमट्यासारख्या.
खाली एक ओळ सोड.
मग आपलं म्हणणं.

"पण पुढे 'परंतु' आहे," मी म्हणालो.
ते थांबले. बाहेर कुणीतरी सुरमई तोलत होतं.
"मग तिथं तीन टिंबं दे.
कापलंय हे दिसायला हवं.
आणि तुकडी बघून मासा वळखता आला पायजे.
नाहीतर ती चोरी."

रमय्याला दोन महिन्यांचे पैसे मिळाले.
उरलेल्या दोनांसाठी कंपनीनं
आमच्याच पत्रातलं एक वाक्य उचलून आम्हाला धाडलं.
तेही शिकत होते.

कुंदाचं पत्र गुहागरहून यायला चौदा दिवस,
माझं पोचायला तेवढेच.
मी लिहायचो: हो. नाही. बघू या.
ती विचारायची, कशाचं हो?
एव्हाना तिचं तीच विसरलेली असायची काय पुसलं होतं ते.
म्हणून मीही घरच्या पत्रात चिमटे लावू लागलो.
'पंपाची मोटर जळली' आणि खाली: तीनशे पाठवतोय.
'नंदूला चष्मा लागला' आणि खाली: चिपळूणला दाखव.
इतकं नेटकं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.
कौतुकानं बुरोंडकरांना वाचायला दिलं.

त्यांनी तिचंही पत्र मागून घेतलं.
दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत गेले.
"'रात्री कडी दोनदा तपासते.' ही तुकडी कुठं गेली?"
"तो प्रश्न नव्हता."
"टिंबंही नाहीत," ते म्हणाले
आणि अरबी यंत्राकडे वळले.
त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला नाही,
किंवा विसरले असतील.

ऑगस्टात तिचं उत्तर आलं, निळ्या हवाई कागदावर.
वर तारीख, श्री.
मायना नाही.
खाली माझेच शब्द तिच्या गोल अक्षरात,
दोन्ही अंगांना चिमटे बरोबर जागी:
'पुढच्या वर्षी नक्की'
तिला कुणी शिकवलं असेल?
मीच की. आणखी कोण.
खाली तिनं एक ओळ सोडली होती.
मग आणखी एक.
मग घडी घालायच्या रेघेपर्यंत नुसता निळा कागद,
पाठपोट.

इंग्रजी यंत्राला आमची अक्षरं नाहीत, मी पेन घेतलं.
आधी आठवून पाहिलं,
'नक्की'च्या पुढे मी तेव्हा काय लिहिलं होतं?
काहीतरी असणारच.
रजेचं, तिकिटाचं, मुदिराच्या सहीचं,
निदान एखादं 'परंतु'.
पत्र तिच्याकडे, माझ्याकडे नक्कल नाही.

पण तिनं टिंबं दिली नव्हती.
कुंदा असली चोरी करणार नाही.
म्हणजे वाक्य तिथंच संपलं होतं.